आपला संदेश पोहोचला आहे

ती वेबसाइट ऋतुजाकडे आली तेव्हा तिच्यात काही बिघाड आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

जुळे सोलापुरात एका मेडिकल दुकानाच्या वर युवराज सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शाळा, मंगल कार्यालयं, दवाखाने, पतसंस्था अशांच्या वेबसाइट तिथं बनत, आणि एकदा बनली की पुन्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. आधी हे काम करणारा मुलगा पुण्याला निघून गेला आणि त्याचं सगळं लचांड ऋतुजाच्या गळ्यात पडलं. ती मंगळवेढ्याची. डिप्लोमा झाल्यावर सोलापुरात खोली घेऊन राहत होती. काम आवडायचं, पण आपल्या हातून कुणाचं काही अडतंय किंवा सुटतंय असं तिला कधी वाटलं नव्हतं.

होळी झाली आणि विजयमालाबाईंचा फोन आला. बाई निवृत्त नर्स. अक्कलकोटच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, त्या ‘ओसरी’ नावाचं निवारा केंद्र चालवत. देवदर्शनाला आलेल्या गर्दीत चुकलेली, कधी मुद्दाम सोडून दिलेली, स्वतःचं नावगाव विसरलेली म्हातारी माणसं तिथं असत. त्या प्रत्येकाचा फोटो वेबसाइटवर होता आणि फोटोखाली एक बटण होतं, ‘मी यांना ओळखतो’. ते दाबलं की एक चौकट उघडायची. त्यात लिहून पाठवलं की ओसरीला मेल जायचा.

“दसऱ्यापासून एकही मेल नाही गं,” बाई म्हणाल्या. “आधी महिन्यातून एखाददुसरा यायचाच. त्यावरनं माणसं घरी गेलीत आमची. आता काय, कुणी शोधतच नाही का यांना?”

युवराज सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “बघ की, हात रिकामा असला की.”

दुपारी हात रिकामा झाला. ऋतुजानं एका फोटोखालचं बटण दाबलं, चौकटीत काहीबाही लिहिलं आणि पाठवलं. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, ‘धन्यवाद. आपला संदेश पोहोचला आहे.’ तिनं ओसरीचा मेल उघडून पाहिला. काहीच नव्हतं. चहा पिऊन आली, पुन्हा पाहिलं. तरी नाही.

मग ती सर्व्हरमध्ये शिरली. पान चालवताना प्रोग्राम कुठं अडखळला तर सर्व्हर त्याची नोंद एका फाइलीत करून ठेवू शकतो. ती फाइल म्हणजे एरर लॉग. पण तशी नोंद ठेव म्हणून त्याला आधी सांगावं लागतं. इथं कुणी सांगितलंच नव्हतं. चुका पडद्यावर दाखवणं बंद होतं, ते एका परीनं बरोबर, येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला दिसाव्यात? पण नोंद ठेवणंही बंद होतं. म्हणजे प्रोग्राम मधेच मरून पडला तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता.

तिनं नोंद चालू केली. बाहेरच्या कुणाला उघडता येणार नाही अशा जागी लॉगची फाइल ठेवली, तिचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. नीट चालतंय का बघायला मुद्दाम एक चुकीचं पान बनवून चालवलं. फाइल कोरीच. अर्धा तास ती डोकं खाजवत बसली. मग लक्षात आलं की त्या फाइलीत लिहायची परवानगीच सर्व्हरला नव्हती. ती दिली, आणि पहिली ओळ उमटली. तिला बरंही वाटलं. मग तिनं पुन्हा ओसरीच्या साइटवर जाऊन बटण दाबलं.

हिरवी अक्षरं आली, आपला संदेश पोहोचला आहे. आणि त्याच क्षणी लॉगमध्ये दुसरी ओळ पडली.

दसऱ्याच्या सुमारास सर्व्हरवाल्या कंपनीनं आपली जुनी यंत्रणा काढून नवी बसवली होती. मेल पाठवायची जी जुनी आज्ञा प्रोग्राममध्ये होती ती नव्या यंत्रणेत उरलीच नव्हती. तिथं आलं की प्रोग्राम जागच्या जागी थांबत होता. पण लिहिणाऱ्यानं धन्यवादाची ओळ आधी छापली होती आणि पाठवण्याचं काम नंतर ठेवलं होतं. संदेश साठवून ठेवायचं तर त्याच्याही नंतर. म्हणून माणसाला धन्यवाद मिळत होते आणि त्यानं लिहिलेलं तिथल्या तिथं नाहीसं होत होतं.

दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली. चहा गार व्हायच्या आत झाली.

हरवलेले संदेश परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कुठल्या पानावर कोण आलं याची एक वेगळी नोंद सर्व्हर ठेवतो, पण तीही काही महिन्यांचीच, आणि तीत लिहिलेला मजकूर नसतो. ती चाळताना तिला दिसलं, दिवाळीनंतर बटणं दाबली गेली होती ती बहुतेक जाहिरातींचा कचरा टाकणाऱ्या यंत्रांनी. पण एका फोटोखाली कुणीतरी माणसानं पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. कधी लागोपाठ दोन दिवस, कधी आठवडा जाऊ देऊन. मोबाइलवरून, कर्नाटकाकडून. संक्रांतीनंतरही काही दिवस, मग बंद. फोटो एका म्हाताऱ्याचा होता. निळा स्वेटर, नुकतंच तासलेलं डोकं, कॅमेऱ्याकडे नसलेले डोळे.

तिनं बाईंना फोन लावला. “निळ्या स्वेटरमधले आजोबा आहेत ना, त्यांच्यासाठी कुणीतरी लिहीत होतं.”

बाई म्हणाल्या, “ते गेले गं. संक्रांत झाली आणि गेले.”

युवराज सर म्हणाले, “यंत्रणा कंपनीनं बदलली. आपला काय संबंध? दुरुस्त झालं एवढंच कळव. जास्त खोलात जाऊ नको.”

ऋतुजा रविवारी एसटीनं ओसरीला गेली आणि होतं ते सगळं सांगून टाकलं. बाई तिच्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पदराला पीळ देत बसल्या. म्हणाल्या, “साइटवर नंबरही जुनाच आहे ना, बंद पडलेल्या लँडलाइनचा? बदलायला सांगितला होता मी त्या मुलाला.”

तिथली सगळी उस्तवार धुळाप्पा करायचे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, आणि शेवटी पोहोचवणंही. घरात कानडी, बाहेर मराठी. निळ्या स्वेटरमधल्या त्या म्हाताऱ्याला सगळे आप्पा म्हणत. “लई गरीब माणूस,” धुळाप्पा म्हणाले. “पावसाळ्यात पोलिसांनी आनून सोडलं. कानडीच बोलायचा, त्ये बी तुटक. गाव इचारलं की हसायचा नुसता. पुढंपुढं त्ये बी बंद झालं. मीच अग्नी दिला. कोन होतं दुसरं?”

फोटो काढून टाकू नका, असं ऋतुजानं सुचवलं. त्याखाली नवा नंबर आणि कानडीत दोन ओळी टाकायच्या ठरल्या. धुळाप्पांनी सांगितल्या तशा तिनं त्या टाकल्या. या आप्पांबद्दल ज्यांनी आधी विचारलं होतं त्यांनी कृपा करून पुन्हा विचारावं. ते वारले असं लिहायचं का, यावर मात्र बाई नको म्हणाल्या. “कुणाच्या घरात, कुणी कसं वाचेल, सांगता येतं का? भेटतील तेव्हा तोंडानं सांगू.” तेव्हा ते सगळ्यांनाच पटलं.

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसात आल्याबरोबर ऋतुजा लॉग उघडायची. कोरा असायचा. म्हणजे सगळं सुरळीत होतं. मेलही यायचे नाहीत. चैत्र गेला. उन्हानं ऑफिसचा पत्रा तापायला लागला. एका दुपारी तो मेल आला. त्याची एक प्रत आपल्याकडेही यावी अशी तिनं सोय केली होती. कानडी अक्षरं. तिनं तो फोनवर धुळाप्पांना पाठवला आणि लगेच फोन केला.

धुळाप्पा वाचत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“पोरगी हाय,” ते म्हणाले. “निंगव्वा नाव. सिंदगीकडं दिलीया. आप्पाचं नाव बिरप्पा म्हनं. ती इचारतीया, डाव्या हाताच्या मनगटावर इंचू गोंदलाय का? फोटोत डोकं तासल्यालं हाय, दाढी न्हाय, वळख पटंना तिला. हात दिसंना. म्हनती, मी किती बार इचारलं, तुमी नुसतं पोचलं पोचलं म्हनता. नसंल तर न्हाय म्हना, मी परत इचारायची न्हाय.”

“होता का विंचू?”

“व्हय. रोज आंगूळ घालत हुतो की मी.”

फोटोखाली टाकलेल्या त्या दोन कानडी ओळी धुळाप्पांना आठवल्या असाव्यात. म्हणाले, “ताई, आपन पुन्यांदा इचारा म्हनून लिवलं. तिला वाटलं आसंल, जित्ता हाय म्हनून.”

मेलमधल्या नंबरवर त्यांनीच निंगव्वाला फोन केला. संध्याकाळी ऋतुजानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “सांगितलं. बोलली न्हाय काय. फोन बी ठिवला न्हाय. मीच ठिवला शेवटाला.”

निंगव्वा आली ती नवऱ्याबरोबर, काखेत पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन. बाईंनी ऋतुजालाही बोलावून घेतलं होतं. निंगव्वा एवढीशी, विशी ओलांडलेली. ती ओसरीभर हिंडली. आप्पा कुठं झोपायचे ती कॉट पाहिली. आता तिच्यावर दुसरेच कुणी आजोबा बसले होते. ते तिच्याकडे पाहून हसले, तिनं त्यांना हात जोडले.

तिची हकिकत धुळाप्पांनी सांगितली. आई लहानपणीच गेलेली, ही एकुलती. लग्न होऊन गेल्यावर बाप एकटा, विसरभोळा झालेला. गावकऱ्यांच्या जीपमधून अक्कलकोटला दर्शनाला आला आणि चुकला. भावकीनं दोन दिवस शोधलं आणि सोडून दिलं. नणंदेच्या मोबाइलवर हिला हा फोटो सापडला तेव्हा हिचे दिवस भरत आलेले. मग बाळंतपण. एवढ्या लांब, तेही खात्री नसताना, कोण पाठवणार? विंचू आहे एवढं जरी कुणी कळवलं असतं तरी नवरा टेम्पो घेऊन दुसऱ्या दिवशी निघाला असता. नवरा शेजारीच उभा होता. मान हलवून त्यानं दुजोरा दिला.

निंगव्वानं ऋतुजाकडे बोट करून धुळाप्पांना काहीतरी विचारलं.

“इचारतीया, पोचलं म्हनून लिवून यायचं. नणंदेनं वाचून दाखवलं तिला. मग त्ये कुटं पोचत हुतं?”

ऋतुजा सांगायला लागली. संदेश सर्व्हरपर्यंत यायचा, पण तिथली यंत्रणा बदलली होती, आणि धन्यवादाची ओळ आधी होती, आणि चुकांची नोंद ठेवायची कुणी चालू केली नव्हती, त्यामुळे. ती बराच वेळ बोलत राहिली. निंगव्वा एकेक शब्द समजत असल्यासारखी तिच्या तोंडाकडे बघत होती. ऋतुजा थांबली. धुळाप्पा कानडीत दोन शब्द बोलले.

“काय सांगितलंत?”

“कुटंच न्हाय म्हनून.”

निंगव्वानं मान डोलावली. रडली नाही. बाळ कुरकुरायला लागलं तशी ती भिंतीकडे तोंड करून त्याला पाजायला बसली.

जाताना तिनं फोटो मागितला. घरात लावायला, मोठा. बाईंनी ज्या मोबाइलवर काढला होता तो केव्हाच बिघडून गेला होता. वेबसाइटवरचा तेवढा उरला होता, आणि जागा वाचवायला आधीच्या मुलानं तो काडेपेटीएवढा करून चढवला होता. ऋतुजानं सोलापुरातल्या एका स्टुडिओत तो मोठा करून घ्यायचा प्रयत्न केला. स्टुडिओवाल्यानं पडद्यावर वाढवून दाखवला. नाक, डोळे, सगळ्याचे चौकोन झाले. “ह्यात चेहराच नाही ओ मॅडम,” तो म्हणाला. तिनं तसाच लहान काढून पाठवून दिला.

युवराज सरांना न विचारता तिनं ऑफिसच्या सगळ्या वेबसाइटवर एरर लॉग चालू केले. दोन दिवसांत एका दवाखान्याची आणि एका शाळेची फाइल भरून वाहायला लागली. सरांना दाखवलं तर त्यांनी फाइल वरपासून खालपर्यंत चाळली. मग म्हणाले, “हळूहळू दुरुस्त करत जा. पण लोकांना सांगत बसू नको की. आधीचं आता कुठं भरून येणार आहे?” त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

आषाढात विजयमालाबाईंचा फोन आला. आप्पांचा फोटो आता काढून टाक, निंगव्वाच्या नवऱ्यानं सांगितलंय. ऋतुजानं फोन कानाला लावूनच तो काढला. खालचे फोटो एकेक घर वर सरकले.

“दसरा ते दिवाळी,” बाई म्हणाल्या, “तेवढ्यात आणखी तिघं गेली होती आमच्याकडची. त्यांच्यासाठीही कुणी लिहिलं असेल का गं?”

“त्या दिवसांची नोंद पुसली गेलीय बाई. मी बघितलं तेव्हाच नव्हती.”

“म्हणजे कळणारच नाही?”

“नाही.”

बाईंनी बरं म्हटलं. मग नव्यानं आलेल्या एका आजीचा फोटो पाठवते म्हणाल्या, हात दिसतील असा काढलाय.