बिरूचा ना हरकत कागद

आठ दिवस झाले, बिरूनं धुरपदाबाईच्या ओट्यापुढून जाणं सोडलं होतं.

तामलवाडीत फुटबॉलच्या मैदानाकडं जायची सरळ वाट त्या ओट्यासमोरूनच जाते. आणि मैदान तरी कुणाचं? धुरपदाबाईचंच पडीक रान. तीन वर्षं या पोराचा नेम असा, की सांजेला ओट्यापाशी थांबायचं, "मोठ्याई, पाणी" म्हणायचं, तांब्या घटाघटा रिकामा करायचा आणि मग गोलात जाऊन उभं राहायचं. आता हा बाबा मागच्या पाणंदीनं, वेड्या बाभळीचे काटे तुडवत जात होता. रविवारी तर तिनं त्याला लांबून हाक मारली. हाक ऐकू गेली, मान वळली, आणि बेटा मोबाईल कानाला लावून पुढं निघाला. मोबाईल उलटा धरलेला होता, हे सत्तरीच्या डोळ्यांनाही दिसलं.

"म्या काय चावते का त्याला?" चिंचेवर हातोडी हाणत ती म्हणाली. "सरळ वाट सोडून पाणंदीनं कोण जातंय? ज्यानं काय तरी केलंय, त्योच."

ऐकायला चिंचांशिवाय कोणी नव्हतं. पण धुरपदाबाईचं बोलणं ऐकणाऱ्यावाचून कधी अडलेलं नाही.

ऊन उतरल्यावर ओटा भरला. मे महिन्यात मॅच नसते, ऊन माणसाला उभं राहू देत नाही. पण जिल्हा लीगचा नियम असा, की खेळाडूनं संघ बदलायचा तो याच महिन्यात, एकतीस तारखेच्या आत. त्यामुळं खेळ बंद आणि बोलणं दुप्पट. तिचा नातू कृष्णराज संघाचा सचिव. कॉलेजात शिकतो, आणि लीगची सगळी नियमावली मोबाईलमध्ये घेऊन हिंडतो. त्याच्या शेजारी किराणावाला सिद्धाराम. यानं जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण संघ हरला की दोन दिवस दुकानाचं शटर अर्धंच वर जातं.

"परंड्याचा त्यो उंच पोरगा आणू," सिद्धाराम म्हणाला. "हात वर केला की पत्र्याला लागतोय."

"काका, बाहेरच्या गावचे तीनच चालतात. आपले तीन भरले."

"मग त्यातल्या एकाला गावचा करून टाक. आधारावरचा पत्ता बदल."

"पत्ता सहा महिन्यांआधीचा लागतोय."

"अय्यो! पोरगी देताना बी एवढं बघत न्हाईत."

"तुझ्या पोरीच्या वक्ताला म्या बघितलं होतं," धुरपदाबाई हातोडी न थांबवता म्हणाली. "म्हणून सुखात हाय ती. तू तर पोराची मोटारसायकल बघून व्हय म्हणून बसला होतास."

ओटा हसला. सिद्धारामही हसला, कारण ते खरं होतं.

"एक वाट हाय," कृष्णराज मोबाईल खालीवर करत म्हणाला. "नियम चौदा. खेळाडू एका हंगामापुरता दुसऱ्या संघाकडनं घेता येतोय, त्यो त्या तिघांत मोजत न्हाईत. हंगाम संपला की परत द्यायचा."

"म्हंजी वारंगुळा," धुरपदाबाईला लगेच उमगलं. "आपला एक बैल, शेजाऱ्याचा एक. पेरणी झाली की ज्याचा त्याच्या दावणीला."

"व्हय आजी, तसंच."

"आन वारंगुळ्याचा बैल लंगडला तर?"

कृष्णराजनं नियम चौदा दोनदा वाचला. त्यात ते नव्हतं.

"लिहिणाऱ्यानं कधी औत धरल्यालं दिसत न्हाय," ती म्हणाली. मग तिची हातोडी थांबली. "पर मला एक सांगा. परंड्याचं ते पोरगं गोलकीपर हाय ना? आपल्याला गोलकीपर कशाला लागतोय? बिरू हाय की."

सिद्धारामानं खालचा एक चिंचोका उचलला आणि सराफानं बघावं तसा तो बघायला लागला.

"कृष्णा."

"आजी, तू आधी चिडू नको."

"चिडायचं का न्हाय ते म्या ठरवीन. बोल."

मग बाहेर आलं. सोलापूरच्या एका संघानं बिरूला पत्र दिलं होतं. तो संघ राज्य स्पर्धा खेळतो. तिथलं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडता येतं. जिल्हा लीगचं कोणी हातात धरत नाही. बिरू एकवीस वर्षांचा. ही संधी गेली तर पुन्हा कोण बोलावणार? पण जायचं तर जुन्या संघाच्या अध्यक्षाचा ना हरकत कागद हवा. तो नसला तर वर्षभर त्याला दुसऱ्या कुठल्याच संघाकडून खेळता येणार नाही.

"आन अध्यक्ष कोण?" धुरपदाबाईनं विचारलं.

"तूच की."

ते तिला ठाऊक होतं. रान तिचं, म्हणून कागदोपत्री अध्यक्ष ती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात चार महिने बसून ती आपलं नाव लिहायला शिकली होती. सही करायला तिला चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ लागायचा, पण केलेली सही छापल्यासारखी यायची.

"एकतीस तारीख कधी हाय?"

"परवा."

"आन हे समद्या गावाला ठावं. फक्त मैदान जिचं तिला न्हाय."

"त्याची छाती होईना सांगायची," कृष्णराज म्हणाला.

"मोठ्याई, सही करू नका," सिद्धाराम पुढं सरकला. "कागद आपल्या हातात हाय. त्यो गेला की आपलं सपलं. आन त्याला तोंड कुठं हाय जायाला? सुपारी फुटलीय की ओ त्याची, तुमच्याच ओट्यावर!"

सुपारी फुटली होती हे खरं. तीन वर्षांमागं बिरूचा मामा ईट गावाहून आला होता, भाच्याला तिकडच्या संघात न्यायला. धुरपदाबाईला कुणकुण लागली. तिनं भर दुपारी पोराला धरून आणलं, ओट्यावर बसवलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पाच माणसांसमोर सुपारी फोडली. लग्न ठरवताना फोडतात तशीच. पाचांनी तुकडा तोंडात टाकला आणि बोली पक्की झाली. लीगच्या नियमात सुपारी आहे का नाही, हे बघायचं कोणालाही सुचलं नाही. मामा चहा पिऊन परत गेला.

"सोळा लग्नं जुळवली म्या," धुरपदाबाई म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि घरातल्यांना तो आवाज वरच्यापेक्षा जड वाटायचा. "या ओट्यावर फुटल्याली एक सुपारी मोडली न्हाय. उद्या सकाळी त्याला बोलवा. आईला घेऊन ये म्हणावं. उमाबाईसमोर विचारते."

सकाळी दोघं आले. सिद्धाराम दुकान उघडायचं सोडून आधीच येऊन बसला होता. बिरू पायरीखाली उभा राहिला. गोलात उभा असला की हे पोरगं दोन्ही खांबांना पुरून उरायचं. इथं अंग चोरून असं उभं होतं, की एखाद्या कोंबडीनंही ढकलून दिलं असतं. उमाबाई जोत्याच्या कडेला टेकली. तिचा नवरा मेंढरं घेऊन सहा महिने बाहेर असतो. घर, चार शेरडं आणि हे पोर तिनं एकटीनं वाढवलं.

"वर बघ," धुरपदाबाई म्हणाली. "पायाला काटं किती मोडलं पाणंदीनं?"

"लई," बिरू म्हणाला.

"मोडू दे. अजून मोडायला पायजे होतं. उमे, तुला विचारते. तुझ्या पोराची सुपारी म्या फोडली. फुटल्याली सुपारी मोडायची तर आधी बोलावं लागतंय. तुमच्यात न्हाय का ही रीत?"

"हाय की, मोठ्याई."

"मग तू त्या दिवशी हितं बसून व्हय म्हणलीस, आन आता पोरगं गुपचूप सोलापूरला—"

"म्या नव्हते," उमाबाई म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी म्या हितं नव्हते. खुरपायला गेल्ते, बंडप्पाच्या रानात. सांजला घरी आले तर खुंटीला टोपी लटकल्याली. म्या इचारलं ही कुणाची, तर बिरू म्हणला, माझी सुपारी फुटली." ती जराशी हसली. "म्या तर भ्याले. म्हणलं, पोरगी कुठली?"

सिद्धारामाला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

धुरपदाबाईला ती दुपार आठवायला लागली. कोण कोण होतं? सिद्धाराम होता. बंडप्पाचा भाऊ होता. तलाठ्याकडं आलेला एक माणूस होता, त्याला धरून पाच पुरे केले होते. ईटचा मामा यायच्या आत उरकायचं, म्हणून नुसती घाई. पाचही बाप्ये, पाचही आपले. पोराच्या बाजूचं कोण होतं?

कोणीच नाही.

आणि ही चूक काही तिला माहीत नसलेली चूक नव्हती. काटगावच्या एका सोयरिकीत नवरीच्या आईला रांधायला आत ठेवून बाहेर सुपारी फोडली होती, तेव्हा हिनंच भर बैठकीत उठून सांगितलं होतं, की एका बाजूनं फुटली ती सुपारी नव्हं, ते नुसतं खायचं सामान झालं; दुसरी आणा आणि तिला बाहेर बोलवा. चाळीस माणसांना तिनं परत बसवलं होतं. ती गोष्ट ती अजून सांगते, जरा मीठ लावूनच सांगते.

"मोठ्याई, ह्यो काय लग्नाचा मामला न्हाय," सिद्धारामानं तिचं तोंड बघून घाईनं बोलायला घेतलं. "आई असली काय, नसली काय, फुटबॉलमधी—"

"काल सुपारी सुपारी कोण करत होतं? तुझ्या सोयीनं लग्न, आन तुझ्या सोयीनं फुटबॉल?"

ती बिरूकडं वळली.

"बिऱ्या, तुला तरी कोणी इचारलं होतं का रं, टोपी घालायच्या आधी?"

बिरूनं मान हलवली. "न्हाय. पर इचारलं असतं तर व्हयच म्हणलो असतो. मला हितंच खेळायचं होतं."

"आन आता?"

"आता जायाचंय." हे तो पायरीकडं बघून बोलला. मग हळूच वर बघितलं. "म्हणूनच येत नव्हतो, मोठ्याई. तुमी नुसतं 'थांब' म्हणला असता तर म्या थांबलो असतो. तुमच्या तोंडावर मला न्हाय म्हणता येत न्हाय. म्हणून म्हणलं, तोंडच दाखवू नये."

आत चुलीवर दूध वर आलं. कृष्णराज आजीकडं बघत राहिला. एक शब्द पुरे होता. तो शब्द तिच्या ओठावर आला होता, आठ दिवसांच्या रागासकट आणि तीन वर्षांच्या मायेसकट. पुढच्या हंगामाची पहिली मॅच ईटबरोबर होती. गोलात कोण उभं राहणार?

धुरपदाबाई उठली. आत गेली, स्वतः चहा घेऊन आली आणि पहिला कप उमाबाईच्या हातात दिला. त्या घरात पहिला कप कोणाला जातो हे गावाला माहीत आहे. तो धुरपदाबाईलाच जातो.

"उमे, त्या दिवशी इचारायचं राहिलं ते आज इचारते. पोरगं तुझं हाय. तुझं म्हणणं काय?"

उमाबाईनं कप खाली ठेवला. "जाऊ द्या त्याला, मोठ्याई. बापावानी मेंढरामागं हिंडायला नगं. पर तुमी रागवून धाडू नका."

"राग तर हाय," धुरपदाबाई म्हणाली. "कृष्णा, कागद आण. आन पेन चालणारा आण, मागच्या वेळंसारखा झटकायला लावू नको."

कागद आला. तिनं चष्मा लावला, पाटावर कागद सरळ केला आणि लिहायला घेतलं. 'धु' झाला, 'र' झाला, 'प'च्या पोटापाशी जरा थांबली. कोणी घाई केली नाही. सिद्धारामाचं एक गिऱ्हाईक दुकानापुढून दोनदा हाका मारून गेलं, तरी तो उठला नाही. त्याचे डोळे ओले झाले होते आणि तो ते चिंचेच्या आंबटावर ढकलत होता.

"परंड्याच्या त्या उंच पोराचं बघा," ती शेवटचं अक्षर काढत त्याला म्हणाली. "पर आधी त्याच्या आईला गाडी पाठवा. ती हितं येऊन बसल्याबिगर सुपारीला हात लावायचा न्हाय, आन तिला आपल्या गावची भाकर आवडते का तेबी बघायचं."

सही झाली. तिनं कागद उचलून फुंकला, पण दिला नाही. हातात धरून ठेवला.

"बिऱ्या, वर ये. अजून वर. आता ऐक. आईला न इचारता सुपारी फोडली ती चूक माझी, ती म्या तुझ्या आईसमोर कबूल करते. आठ दिवस तोंड चुकवून हिंडलास ती तुझी, तिची माफी न्हाय. जायाचं होतं तर हितं येऊन म्हणायचं, मोठ्याई, म्या चाललो. म्या चार शिव्या दिल्या असत्या, दोन तास बोलले नसते, आन सही केली असती. सोलापूरला मोठी मोठी लोकं भेटतील, त्यांच्यापुढं असा मान खाली घालून उभा राहू नको. काय पायजे ते तोंडावर मागायचं. ह्यो घे कागद. आन कधी आपल्या पोरांसंगं तुमची मॅच पडली, आन आपला एक बी बॉल तू मायेनं सोडल्याला मला दिसला, तर भर मैदानात येऊन, समद्या सोलापूरदेखत, तुझा कान धरीन."