बिभीषणाचा बेलभंडार

आमच्या वस्तीवर घरं चार आणि पाण्याची लाइन एकच. विहीर पाझर तलावाच्या पलीकडे, त्यामुळे काळी पाइप तलावाच्या पोटातूनच येते. दसऱ्यानंतर पाणी कमी यायला लागलं. मोटार पूर्वीइतकीच चालायची, हंडे मात्र अर्धेच भरायचे. मी पडलो निवृत्त शिक्षक, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभा जन्म गेलेला. लगेच निकाल देऊन मोकळा झालो, की वस्तीवरचाच बिभीषण पाणी चोरतो. का, तर त्याच्या परसातली मेथी तेवढी हिरवीगार होती.

"न्हाई वो गुरुजी," तो म्हणाला. "मेथीला मी तळ्यातनं हंड्यानं पानी आनतो."

मी ऐकतोय थोडाच! उचलली जीभ, लावली टाळ्याला. चारही घरांसमोर, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या देखत, कानिफनाथाच्या देवळात मी त्याला बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन त्यानं शपथ घेतली. मला ती शपथही खोटीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून तलावात उतरला. जमिनीवरची सगळी लाइन त्यानं आधीच चालत पाहिली होती, कुठे ओल नव्हती. "फुटली असंल तर पान्याखालीच," एवढंच बोलला. शेजारचा आदिनाथ विहिरीवर मोटारीपाशी थांबला, आम्ही बाकीचे काठावर. मोटार चालू असली की फुटक्या जागची धार हाताला लागते. छातीभर पाण्यात पायानं पाइप चाचपत बिभीषण पुढे सरकत गेला. तिसऱ्या बुडीनंतर ओरडला, "बंद करा!"

वर आला तेव्हा त्याच्या हातात लोखंडी खुंटा होता. खुंट्याला निळ्या दाव्याचा तुकडा. माझ्या गाईचा खुंटा, सगळ्या वस्तीच्या ओळखीचा.

उन्हाळ्यात विहीर आटली, लाइन बंद होती, तलावही कोरडा पडला होता. तळाशी जरा गवत दिसलं म्हणून मीच तिथे गाय बांधायचो. खुंटा ठोकताना खाली काहीतरी कच्चकन वाजलं होतं. असेल एखादी मुळी, म्हणून आणखी दोन घाव घातले. पावसात तलाव भरला, खुंटा भोकातच बुचासारखा बसून राहिला आणि मी तो विसरून गेलो; दसऱ्यानंतर तो सैल झाला असणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बिभीषणानं सायकलच्या ट्यूबची पट्टी मागून घेतली, पुन्हा बुडी मारली आणि भोकावर ती घट्ट आवळली. वर येऊन खुंटा तेवढा माझ्या हातात दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बिभीषण, चुकलो रे," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"मला नगा सांगू," अंग पुसत तो म्हणाला. "आईला सांगा."

त्याची आई कडूबाई ओट्यावर बसली होती. मी हात जोडले, खुंट्याचं सगळं सांगितलं. वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. पण तिनंच मान खाली घातली.

"तुमाला काय बोलू, गुरुजी? गुरुजी खोटं बोलायचे न्हाईत, म्हनून काल देवळातनं आल्यावर म्या बी त्याला इचारलं, खरं सांग, चोरलंस का?" तिनं डोळ्याला पदर लावला. "शपथ घेतलेल्या लेकराला इचारलं वो. तवापासनं त्यो माझ्या हातचं जेवला न्हाई."