राजाआधीचा घास

सतरंजीवर घरोघरच्या एकोणीस वाट्या होत्या. बारांत वरण, सहांत भाजी आणि एकीत अंड्याचा गरम रस्सा. तो माझ्या ताईचा, वंदनाचा. भोवती मंडपात दोनेकशे माणसं, घनसावंगीहून जीप भरभरून आलेली.

समोर राधेश्याम महाराज ऊर्फ चिनीबाबा. अंगात ड्रॅगनचा झगा, हातात चांदीचा चमचा. तीन हजार वर्षांपूर्वी ते म्हणे चीनच्या राजवाड्यात खानपानाचे अधिकारी होते. राजाच्या ताटातलं विष या चमच्याला कळायचं; आता घरात कुणी करणी करून काही खाऊ घातलं, तर तेही कळतं. सेवकांनाही राजवाड्यातली पदं दिलेली. चपला सांभाळणारा पप्पू महाद्वाररक्षक, आणि माझे दाजी, भारत, पाकशाळा प्रमुख. दरबारात अंडं कसं चालतं, असं एका म्हाताऱ्याने विचारलं, तर बाबा म्हणाले, चीनमध्ये आम्ही काय काय चाखलंय ते विचारू नका.

दाजींच्या आई, नंदाबाई, चार महिने पोटदुखीने तळमळत होत्या. जालन्याला नेऊन तपासू, असं ताई रोज म्हणायची. बाबांचं म्हणणं, सुनेनेच खाऊ घातलंय. चमचा काळा पडला तर तिला घरात ठेवू नका. ताई निर्धास्त आली होती. केलंच नाही तर भ्यायचं कशाला, म्हणाली.

अठरा वाट्यांत चमचा चकचकीत राहिला. ताईच्या वाटीत मात्र बाबांनी बलक कुस्करून चमचा त्यात रुतवला, वर कापड टाकलं आणि बराच वेळ मंत्र पुटपुटले. बाहेर काढला तेव्हा तो काळा होता.

"माझ्या ताटात कालवत होतीस व्हय गं?" नंदाबाई एवढंच म्हणाल्या. दाजी सतरंजीकडे बघत राहिले.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय. उठले आणि चमचा राखेने घासायला मागितला. बाबा देईनात, पण मागून गावचे कडूबा आबा म्हणाले, घासू द्या की, राजाघरचा चमचा काय राखेनं झिजत न्हाई. लोक हसले आणि बाबांना चमचा सोडावा लागला. तो लख्ख केला. मंडपाबाहेरच्या टपरीवरून गरम उकडलेलं अंडं आणलं, सगळ्यांसमोर सोललं, चमचा बलकात रुतवला, कापड टाकलं. मंत्र म्हटला नाही. चमचा पुन्हा काळा पडला.

"आता टपरीवाल्यानं कुणावर करणी केली, ते सांगा," मी म्हणाले.

अंड्यात गंधक असतं. उकडल्यावर ते वायूच्या रूपात सुटतं आणि चांदीवर काळा थर धरतो. वरणात, भाजीत ते इतकं सुटत नाही.

राजवाड्यातली विद्या कॉलेजात शिकवत नाहीत, असं बाबा म्हणाले. त्या राजवाड्याबद्दल मी वाचलं होतं. तसे अधिकारी खरंच होते. पण ते राजाच्या आधी स्वतः घास खायचे. विष असलं तर पहिले तेच मरणार.

"मंग तुम्ही आधी खा," मी ताईची वाटी पुढे केली.

बाबांना त्या दिवशी उपास निघाला.

ताईने वाटी घेतली आणि रस्सा पुसून खाल्ला. शेवटच्या घासाला ती दाजींकडे वळली.

"मी वरण करून राह्यले होते," ती म्हणाली. "अंडी कर म्हणून तुम्हीच सांगितल्तं."

दाजींनी बाबांकडे बघितलं.

"चमचा काळा पडणार, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"बाबांनी सांगितल्तं," दाजी पुटपुटले. "थोडे दिवस माहेरी गेली असतीस, तर दवाखान्याचं खूळ गेलं असतं. मंग आणणारच होतो तुला."

ताईने रिकामी वाटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांच्याशी ती त्यानंतर बोलली नाही.

हे मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी: कुणी चमत्कार दाखवला, तर तो पुन्हा करायला सांगा, आणि दुसऱ्या वेळी वस्तू तुमची द्या. खरं असेल ते दोन्ही वेळा खरं ठरेल.

दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन ताईच जालन्याला गेली. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात एक खडा, चौदा मिलिमीटर.