आमेन परत घेऊ

आईच्या खोलीत कॅमेऱ्याची तिवई उभी राहिली तेव्हाच धाकटीचं डोकं सणकलं होतं. ती तिवई मावावी म्हणून दादाने आईचा पलंग ओढला, औषधांचं टेबल बाहेर ढकललं आणि आईच्या हनुवटीखालचा टॉवेलही काढून घेतला. म्हणे, "व्हिडिओत बरा नाही दिसत." अरे, लाळ गळते तिच्या तोंडातून, टॉवेल काय शोभेला ठेवलाय?

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली होती. महिनोन्महिने एक शब्द नाही. मन मात्र ठिकाणावर होतं. गेले काही दिवस ती चांगल्या हाताने एकच खूण करायची, चिमटीत काहीतरी मोडायचं आणि तोंडाशी न्यायचं. धाकटीला वाटलं, भूक लागली असेल. तिने बिस्किट दिलं, तर आईने ते भिरकावून दिलं. मग कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला प्रभुभोजन हवं होतं, येशूच्या आठवणीत पाळकाच्या हातून घेतात ती भाकर.

धाकटीने शिवणाचं दुकान बंद ठेवून चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलावलं. ते आले, आणि मागोमाग कॅमेरा घेऊन दादा. मंडळीचं यूट्यूब चॅनल तोच चालवायचा. ते चॅनल सुरू झाल्यापासून चर्चमध्येसुद्धा कॅमेऱ्याचा लाल दिवा लागल्याशिवाय पाळकसाहेब तोंड उघडत नसत.

"लागला का रे दिवा?" भाकर हातात घेऊन त्यांनी विचारलं.

"एक मिनिट, वायर सैल झालीय."

ते एक मिनिट काही संपेना. शेवटी पाळकसाहेबांनाच कसंसं झालं असावं. त्यांनी डोळे मिटले आणि साधी, छोटीशी प्रार्थना केली. ती संपली आणि पलंगावरून आवाज आला, "आमेन."

आवाज खरखरीत होता, पण शब्द स्वच्छ. आई बोलली होती! धाकटीला हसावं की रडावं कळेना. आईने भाकरीसाठी हात पुढे केला.

"थांबा, थांबा!" दादा ओरडला. "रेकॉर्डिंग सुरूच नव्हतं! पाळकसाहेब, आमेन परत घेऊ."

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं धाकटीला वाटलं. पण पाळकसाहेबांनी खरंच भाकर मागे घेतली. आईचा हात तसाच पुढे राहिला.

"केवढी मोठी साक्ष आहे ही," ते म्हणाले. "हजारो लोकांचा विश्वास वाढेल."

प्रार्थना पुन्हा झाली, या वेळी लाल दिव्यासमोर, लांबलचक आणि आवाज चढवून. ती संपल्यावर सगळे आईच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आ," आई म्हणाली. "आ... आ..." तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. दादा कॅमेऱ्यामागून तिला तान्ह्या बाळासारखं चुचकारत होता, "म्हण ना आई, आ-मेन." शब्द काही फुटेना. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"असू दे, असू दे," दादा पुटपुटला. "रडणंसुद्धा छान येतंय."

बस्स! धाकटी ताडकन उठली आणि तिने कॅमेऱ्याची बॅटरीच उपटून काढली.

"लाज वाटते का रे तुला? आई आहे ती आपली, तमाशा नाही!"

"अगं, मी हे देवासाठीच करतोय!"

"देवासाठी? मग मघाशी ती आमेन म्हणाली ते देवाला ऐकू नाही गेलं वाटतं? की त्यालाही आता तुझं चॅनल लावून बघावं लागतं?" ती पाळकसाहेबांकडे वळली. "आणि तुम्ही! मूर्ती करू नका, तिच्या पाया पडू नका, हे आमच्याकडून तुम्हीच घोकून घेतलंत ना? बायबलातल्या त्या अरण्यातल्या लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू केलं, पण त्यांनी निदान अंगावरचं सोनं तरी ओतलं त्यात. तुम्ही प्लास्टिकच्या डबड्यावर भागवलंत! त्याने डोळा उघडला नाही म्हणून पलंगाला खिळलेल्या बाईच्या तोंडची भाकर काढून घेतलीत!"

पाळकसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी भाकर पुन्हा हातात घेतली, सवयीने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओशाळून डोळे मिटले.

प्रार्थना संपत आली तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की आपले डोळे उघडेच आहेत. ती आईच्या ओठांवर टक लावून बसली होती. म्हण आई, आत्ता म्हण, यांची जिरव एकदाची! भाकरीकडे तिचं लक्ष नव्हतं, देवाकडे तर नव्हतंच. तिच्यात आणि दादात फरक उरला होता तो फक्त तिवईचा. तिला स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली. तिने डोळे गच्च मिटले आणि नाक ओढत, भांडल्यासारखं, "आमेन" म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा आई भाकर चघळत होती, हळूहळू, चांगल्या बाजूच्या गालात धरून.

दादा धाकटीच्या कानाशी लागला. "आई म्हणाली का गं? मला ऐकूच नाही आलं."

"तुला काय करायचंय?" धाकटी खेकसली. "तुझं तू म्हण!"