पागोटं आधी पोचलं

रिठदचे दौलतराव लाइनीत उभे राहत नसत. लाइन ही त्यांच्या मते गरजवंतानं लावायची गोष्ट. त्यांच्याकडं चाळीस एकर काळी जमीन होती, दोन विहिरी होत्या, आणि या सगळ्यांच्या वर एक पागोटं होतं. लाल, बांधीव, जरीकाठाचं. रिसोडपासून कारंज्यापर्यंत ते पागोटं लोक लांबून ओळखायचे. "पागोटं तेथं दौलतराव," असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच मान डोलवायचे. त्यांची बायको मनकर्णाबाई तीस वर्षं हे ऐकत आली होती. तिला वाटे, खरंच आहे बाप्पा. पागोट्याखाली शोधायला गेलं तर फारसं काही सापडायचं नाही.

त्या दिवशी दोघं कारंज्याला निघाली होती. एकुलती एक लेक पंचफुला, तिची सोयरीक पक्की करायची होती. मुलाचे वडील शालिग्राम यांच्या हातात नारळ द्यायचा, साखर वाटायची, की झालं. पण हे चारच्या आत उरकायला हवं होतं, कारण चारनंतर अमावास्या लागत होती. मुलगा अडत्याच्या दुकानात मुनीम. पोरगी पाहायला आले तेव्हा त्याच्या आईनं, जमनाबाईनं, नाक मुरडून म्हटलं होतं, "पोरगी सावळी हाय बाई. आता त्याच्यापायी सायकल तं द्याच लागीन." रंग काळा पडला की त्याची भरपाई दोन चाकांनी होते, हे मनकर्णाबाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पंचफुला नंतर चुलीपाशी म्हणाली होती, "आई, त्यानं माह्याकडं एकदा पाह्यलं, अन् रस्त्याकडं चारदा. सायकल चालते का नाई, थे पाहून राह्यला होता." मनकर्णाबाई हसली. तिलाही तो मुलगा पटला नव्हता. पण बोलायचं कोणापाशी? दौलतरावांनी आख्ख्या गावात सांगून ठेवलं होतं की आता आपला इवाई, म्हणजे व्याही, कारंज्याचा, शहरातला, बाजारपेठेतला. त्यांना जावयापेक्षा इवाईच जास्त आवडला होता.

वाशीमहून आलेल्या मोटारीनं त्यांना मंगरूळपीरला उतरवलं. तिथून कारंज्याची मोटार धरायची. आणि नेमका उरसाचा दिवस! स्टँडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. राज्य बदललं, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, तिकिटाच्या खिडकीपुढची लाइन मात्र जागची हलली नव्हती. खिडकी अजून बंद होती. आतला बाबू बिडी ओढत होता, बाहेरचे लोक त्याचा धूर पाहत होते.

पण आपले लोक काही बह्यताड, खुळे नाहीत. उन्हात उभं राहायचं कोणी? प्रत्येकानं आपल्या जागी आपली एक वस्तू ठेवली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसला. त्यामुळं खिडकीपुढं माणूस एकही नव्हता, आणि लाइन पार नाल्यापर्यंत गेली होती. एक पितळी लोटा, एक विळा, एकच वहाण, कांद्याचं पोतं, टोपलीत बांधलेली कोंबडी. ज्यांच्याकडं ठेवायला काहीच नव्हतं त्यांनी धोंडे ठेवले होते. आणि त्या धोंड्यांनाही मान होता; कोणी धोंडा सरकवला की सावलीतून आवाज यायचा, "ए भौ, मी हाव तिथं!"

दौलतरावांना ही तऱ्हा फार आवडली. त्यांनी खिशातली दस्ती, भला मोठा रुमाल, काढून लोट्याच्या मागं अंथरली आणि तिच्यावर डोक्यावरचं पागोटं हळूच ठेवलं.

"अव माय! पागोटं कायले ठेवता?" मनकर्णाबाई म्हणाली. "माणूस उघड्या डोक्यानं बरा दिसते काय? शुभकार्याले निघालो आपुन."

"मंग काय धोंडा ठेवू? दौलतरावाच्या जागी धोंडा?"

मनकर्णाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. "तुह्यं गाठोडं ठेव पागोट्यामागं," दौलतराव म्हणाले. गाठोड्यात नारळ, साखर आणि जमनाबाईला, इहिणीला द्यायचं लुगडं होतं. "माह्यं गाठोडं माह्याच मांडीवर राहीन," ती म्हणाली आणि सावलीत जाऊन बसली. दौलतराव पलीकडच्या हॉटेलात बशीतून चहा फुरकायला गेले. चहासोबत भजी आली, भज्यांसोबत एक ओळखीचा निघाला, आणि ओळखीच्या माणसाला शहरातल्या इवायाची गोष्ट सांगितल्याशिवाय कसं भागेल?

इकडं सावलीतल्या लोकांचा डोळा लागला, आणि कारंज्याची मोटार आली. मोटारीच्या टपावर सामान चढवायचं काम त्या दिवशी धरमसिंग नावाच्या नव्या हमालाकडं होतं. बाबूनं खिडकीतून मान काढून त्याला सांगितलं, "लाइनीतलं सगळं वर चढव." बाबूला म्हणायचं होतं लाइनीतल्या लोकांचं सामान. पण धरमसिंगाला लाइनीत दिसलं ते त्यानं चढवलं. मोठा इमानी माणूस. लोटा चढवला, विळा चढवला, कोंबडी चढवली, चौदाचे चौदा धोंडे एकेक करून चढवले, आणि पागोटं सगळ्यांत शेवटी, दस्तीत नीट बांधून. तेवढ्यात उरसाचे लोक मागच्या दारानं मोटारीत घुसले. त्यांनी लाइन लावलीच नव्हती, म्हणून तर त्यांना जागा मिळाली. घंटी वाजली आणि मोटार निघून गेली.

सावलीतले लोक उठून पाहतात तर लाइनच नाही!

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. धरमसिंगाच्या भोवती सगळे जमले. तो शांतपणे म्हणाला, "भौ, तुमीच सांगा. लाइनीत जे उभं व्हतं थे गेलं. तुमी उभे असते तं तुमाले चढोलं असतं." ज्याचा धोंडा गेला होता तो सगळ्यांत जास्त भांडत होता.

दौलतराव हॉटेलातून आले ते उघड्या डोक्यानं. त्यांच्या डोक्याचं टक्कल भर उन्हात सगळ्यांपुढं चमकलं आणि मनकर्णाबाईला उगाचच लाजल्यासारखं झालं. हॉटेलवाल्यानं आपला पंचा पुढं केला. "दुसऱ्याचं फडकं दौलतराव डोक्यावर घेईन?" असं म्हणून त्यांनी तो परत केला. पुढची मोटार एक वाजता. आता मात्र लाइनीत सगळे स्वतःच्या पायांवर उभे होते, कारण ठेवायला कोणाकडं काही उरलंच नव्हतं. दौलतरावांच्या वतीनं मनकर्णाबाई उभी राहिली, गाठोडं काखेत धरून.

तिकडं कारंज्याला काय झालं ते मागाहून कळलं. शालिग्राम इवायाला उतरवून घ्यायला स्टँडवर आले होते. मोटार आली, गच्च भरलेली, पण दौलतराव काही उतरले नाहीत. टपावरून उतरले ते धोंडे. आणि मग दस्तीत बांधलेलं लाल पागोटं. शालिग्राम एका कानानं बहिरे. त्यांनी कंडक्टरला विचारलं, "याचा धनी कोठी हाय?" कंडक्टर म्हणाला, "चहाले गेला." नेमका तेव्हाच ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. 'चहा' भोंग्यानं खाल्ला, आणि शालिग्रामच्या कानात शिरलं ते नुसतं 'गेला'.

आपल्याकडं माणूस परगावी दगावला तर त्याचं पागोटं आधी घरी येतं, हे लहान पोरालाही माहीत. शालिग्रामनी दोन्ही हातांवर ते पागोटं घेतलं आणि अनवाणी घरी गेले.

दौलतराव आणि मनकर्णाबाई कारंज्याला उतरली तेव्हा अडीच वाजून गेले होते. घ्यायला कोणी नाही. "शहरातले इवाई, कामात असतीन," दौलतराव म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी आली तर रडण्याचा आवाज. मनकर्णाबाई थबकली. कोण गेलं बाई यांच्याकडचं? आता कसला नारळ आणि कसली साखर! दौलतराव हळूच म्हणाले, "दुखवट्यात डोकं उघडं हाय थे बरंच झालं म्हन." ओसरीपुढं माणसांची दाटी होती. दोघं मागं जाऊन उभी राहिली आणि खांद्यांमधून आत पाहिलं.

पाटावर दौलतरावांचं पागोटं होतं. पुढं दिवा लावला होता.

"कसे गेले वं मायऽ," जमनाबाई छाती पिटत होती, "असा दिलदार इवाई पुन्हा नाई भेटनार वंऽ! काय थो रुबाब, काय थे पागोटं वंऽ!"

दौलतरावांना आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. "पाह्य," ते बायकोच्या कानात कुजबुजले, "किती जीव लावते लोक."

"माह्या पोट्ट्याले आता सायकल कोन देईन वंऽ!" जमनाबाईनं वरचा सूर लावला.

नवरदेव खांबाला टेकून बसला होता. त्याच्या हातात सायकलची नवी कोरी घंटी होती. सायकल यायच्या आधी गडी घंटी घेऊन बसला होता! आईचा हंबरडा ऐकून त्याचा अंगठा घंटीवर पडला आणि ती ट्रिंग करून वाजली.

शेजारचे गोपीचंद म्हणाले, "झालं थे वंगाळ झालं. पन पोरीचं काय? बिना बापाची झाली बिचारी. सोयरीक तं ठेवसान ना?"

जमनाबाईचं रडं नळ बंद करावा तसं थांबलं. तिनं पदरानं नाक पुसलं. "सोयरीक? पांढऱ्या पायाची पोरगी! बोलनी पक्की व्हायच्या दिवशी बापाले खाल्लं, उद्या आमाले खाईन. एक तं काळी, अन् आता सायकल बी नाई. कायले करू?"

"सकाळीच निरोप धाडू," शालिग्राम म्हणाले.

"मंग मी या घंटीचं काय करू?" नवरदेवानं विचारलं.

रिठदला पंचफुला या वेळी अंगण सारवून वाट पाहत असेल, आणि इथं तिला बाप खाणारी ठरवून लोक मोकळे झाले होते. मनकर्णाबाई दाटी सारून पुढं झाली. तिच्यामागं दौलतराव. त्यांना पाहिल्याबरोबर दोन बायका किंचाळून घरात पळाल्या, एक जण रामराम म्हणत मागं सरकला, आणि जमनाबाई मटकन खाली बसली.

पण बाई पक्की. दोन श्वासांत सावरली. "अवं माय! इवाई जित्ते! देवच पावला! अवं साखर आना, दिवा इझवा! मायेपोटी रडलो जी आमी, मायेपोटी!" आणि पाटावरचं पागोटं उचलून ती दौलतरावांच्या डोक्यावर ठेवायला आली. "चार वाजाले अजून येळ हाय. द्या नारळ."

दौलतरावांनी नारळासाठी बायकोकडं हात केला. मनकर्णाबाईच्या अंगाची लाही झाली. म्हणजे हा माणूस अजूनही नारळ देणार! शहरातला इवाई, ओळखीच्या चार लोकांना सांगून झालेलं, आता माघार कशी? "रडले तं खरे ना थे आपल्यासाठी," ते पुटपुटले.

"हाव," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्यासाठी अर्धी घटका अन् सायकलीसाठी एक घटका. माह्या पोरीसाठी कोन रडलं, थे सांगा मले."

दौलतरावांनी नवरदेवाकडं पाहिलं. तो घंटी धोतराच्या सोग्यानं पुसत होता. मग त्यांनी जमनाबाईच्या हातातलं पागोटं काढून घेतलं, पण डोक्यावर ठेवलं नाही, काखेत मारलं.

"शालिग्रामबुवा," ते त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "तुमी मले मारलं, दिवा लावला, रडून घेतलं, सोयरीक बी मोडली. आता मेलेल्या मानसाचा नारळ कायले मागता?" आणि ते ओसरी उतरले.

स्टँडवर मंगरूळपीरच्या मोटारीसाठी भली मोठी लाइन होती. निम्मी माणसांची, निम्मी धोंड्यांची. हे सकाळचेच धोंडे, धन्यांची वाट पाहत पडलेले. दौलतराव मुकाट्यानं शेवटच्या माणसामागं जाऊन उभे राहिले.

मनकर्णाबाईला राहवलं नाही. "ठेवा ना पागोटं लाइनीत. बसा सावलीत."

"नाई. एकदा ठेवलं तं मेलो."

मग तिनं विचारलं, "पोरीले काय सांगाचं?"

"खरं थे सांग. बाप मेला म्हनून त्याहीनं सोयरीक मोडली. अन् बाप जित्ता हाय म्हनून आपुन मोडली."

मनकर्णाबाईनं वर पाहिलं. नवऱ्याचं उघडं डोकं उन्हानं लालबुंद झालं होतं. तिनं पदराचं टोक पुढं करून त्यावर सावली धरली. तीस वर्षांनी का होईना, पागोट्याखाली काहीतरी होतं म्हणायचं.