सायलसच्या कपाळावरचं पाणी

थेअरांच्या घरात त्या शुक्रवारी सकाळपासून कुणी धड जेवलं नव्हतं. असाहेल थेअर दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता आणि त्याची बायको मेहिटेबल पाळण्यातल्या सायलसचं पांघरूण उगाचच सारखं करत होती. पांघरुणाला काही झालेलं नव्हतं. हातांना काम हवं होतं, इतकंच.

भानगड लावली शेजारणीने. मंगळवारी बाई विस्तव मागायला परसदारी आली आणि खिडकीतून बघते तो काय! घरची आयरिश, म्हणजे कॅथलिक, मोलकरीण होनोरा आजारी बाळाच्या कपाळावर वाटीतलं पाणी ओततेय आणि तोंडाने काही पुटपुटतेय. झालं! विस्तव राहिला बाजूला. आग लावायला बाईची जीभ पुरेशी होती. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की पोपच्या माणसांनी थेअरांचं पोर बाटवलं.

एरवीही हे हसण्यावारी गेलं नसतं. थेअर पडले बाप्टिस्ट. त्यांच्यात तान्ह्या पोराला बाप्तिस्म्याचं पाणी लावत नाहीत; मोठं व्हावं, समजून-उमजून नदीत बुडी घ्यावी. त्यात सोमवारी निवडणूक, आणि असाहेल उभा होता त्या गुप्त मंडळातर्फे, ज्याची शपथच अशी की कॅथलिकाला मत नाही, कचेरीत खुर्ची नाही, शाळेत नोकरी नाही. मंडळाबद्दल कुणी काही विचारलं, तर उत्तर एकच: "मला काही माहीत नाही." असाहेलने ते बायकोकडूनही घोटून घेतलं होतं.

"मी रात्री कुठे जातो असं कुणी विचारलं तर?"

"मला काही माहीत नाही."

"शाबास!"

आता विचाराल, असल्या घरात आयरिश मोलकरीण कशी? अहो, गावच्या पोरी सगळ्या गिरणीत. लादी कुणी पुसायची? पोप नको होता. पोपची माणसं भांडी घासायला चालत होती.

दुपार कलली तेव्हा डीकन ब्रॅडिश आले. चर्चचा कारभार त्यांच्याकडे, मंडळाच्या चाव्याही त्यांच्याच खिशात. एरवी ते टोपी काढून मांडीवर ठेवत. आज टोपी डोक्यावरच राहिली.

"बोलवा तिला," ते म्हणाले.

होनोरा पदराला हात पुसत आली. म्हणजे ॲप्रनला, पण पुसण्याची तऱ्हा तीच.

"काय गं, तू बाळावर पाणी घातलंस?"

"घातलं."

"कुणी शिकवलं? तुमच्या पाद्र्याने पाठवलं होतं तुला इथे?"

"पाद्री कशाला पाठवतोय! पोर जाणार असं दिसलं तर आमच्यात कुणीही घालतं."

"मग सांगितलं कुणी?"

होनोराची नजर एकदाच मेहिटेबलकडे गेली आणि जमिनीवर आली. "कुणी नाही. माझ्या मनानं."

 ते खोटं होतं. मंगळवारी डॉक्टर मान हलवून निघून गेले, बाळाचे ओठ निळे पडले, तेव्हा होनोरा नुसती किटली उकळून वाफ देत होती. मेहिटेबलनेच तिचा दंड धरला होता. "तुमच्यात काहीतरी करतात ना गं? कर. मी कुणाला सांगणार नाही." वाटी तिनेच आणली होती. बाळाचं डोकं तिनेच धरलं होतं.

"हिने आजच जायचं," डीकन असाहेलला म्हणाले. "आणि शिफारसपत्र द्यायचं नाही."

शिफारसपत्र नाही म्हणजे या गावात काय, पुढच्या गावातही कुणी दारात उभं करणार नव्हतं.

मेहिटेबल तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात धावली. होनोरा पेटी बांधत होती.

"अगं, खरं का नाही सांगितलंस?"

"हळू बोला बाई. मला दुसरं घर बघता येईल. तुम्हाला कुठलं दुसरं घर?" तिने दोरी करकचून आवळली. "किटली चुलीवर आहे. खोकला उलटला तर वाफ द्या. आणि आता जा, ते बोलावतायत."

पेटी घेऊन ती गाडीची वाट बघत परसात जाऊन बसली. बाहेर बोचरा वारा होता.

दिवाणखान्यात डीकन दाराशी उभे राहिले होते. "बाई, उद्या सभेत सगळ्यांपुढे विचारावं लागेल, म्हणून आत्ताच विचारतो. तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

डीकनच्या पाठीमागून असाहेलने तिला मानेने खुणावलं. म्हण ना! घोटलेलंच उत्तर. चार शब्द, की मोलकरीण गेली, घर वाचलं, निवडणूकही वाचली. मेहिटेबलने तोंड उघडलं.

"मला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "मीच तिला घालायला लावलं. पाणी मी आणून दिलं."

"मेहिटेबल!" असाहेल ओरडला. "काय बरळतेस तू?"

"लेकरू जात होतं हो! कुणाच्या का देवानं होईना, मला ते हवं होतं. ती पोर माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ऐकत राहिले. लाज वाटते मला."

कुणी काही बोलायच्या आत पाळण्यातून खोकला आला. घोगरा, कुत्र्याच्या पिल्लाने भुंकावं तसा. मंगळवारचाच. असाहेलने बाळाला उचललं. ओठ पुन्हा निळसर दिसू लागले होते, छाती खोल खोल जात होती. तो बाळाला घेऊन परसदाराकडे धावला. दोन वर्षांत त्याने त्या मोलकरणीला 'ए पोरी'खेरीज हाक मारली नव्हती.

"होनोरा! अगं होनोरा, आत ये! लवकर ये!"

ती पेटी टाकून आली. बाळाला तिने मेहिटेबलच्या कुशीत दिलं, दोघींवर चादर धरली, किटली आत सरकवली. चादरीआड वाफ कोंडली. मेहिटेबलला दिसत काही नव्हतं, फक्त बाळाचा ओढून घेतलेला श्वास ऐकू येत होता, आणि बाहेरून नवऱ्याचा आवाज.

"होनोरा, ते... ते पाणी. घालतेस का परत?"

"परत घालत नाहीत, मालक. एकदाच घालायचं असतं. आता देव बोलावील तेव्हा बाळाला दारात कुणी अडवणार नाही."

"म्हणजे ते झालंय? पक्कं?"

"झालंय."

"बरं झालं," असाहेल म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसून रडू लागला. "देवा, फार बरं झालं."

डीकन ब्रॅडिश अजून दारातच उभे होते.