भरधाव डी मेजर

मी एक जुनी काळी तबकडी आहे, मित्रांनो. पण माझ्या पोटातलं गाणं अजून म्हातारं झालेलं नाही! माझ्या अंगावरच्या बारीक रेघांत एक अख्खी सिंफनी आहे. तिची पट्टी डी मेजर, लय भरधाव आणि रंग असा, की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागावेत.

ती ध्वनिमुद्रित झाली तो दिवस काय वर्णावा! मोठं दालन, दाटीवाटीने बसलेले वादक, वर टांगलेले मायक्रोफोन. शेवटच्या भागात वाद्यवृंदाच्या संचालकांनी असा वेग धरला, की ध्वनिमुद्रक काचेमागून धावत बाहेर आला.

"अहो, दमछाक होईल सगळ्यांची!"

"होऊ द्या," संचालक म्हणाले. "आज कुणी जपून वाजवायचं नाही!"

मागच्या रांगेत नगारे वाजवणारी एक तरुणी होती. सगळे तिला बिजली म्हणत. तिचे घाव पडले आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. तो सगळा दणदणाट माझ्यात उतरला, आणि मी बिजलीच्याच घरी गेले.

तिचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलगी झाली. घरी पाहुणे आले की मी फिरायचे आणि ते माना डोलवायचे. पुढे नवी यंत्रं आली. मी कपाटात, जुन्या इस्त्रीच्या मागे जाऊन पडले. किती वर्षं, ते विचारू नका. बिजलीही म्हातारी झाली आणि लेकीच्या गावी राहायला गेली.

मग एके दिवशी तिच्या नातीने, मुलाच्या लेकीने, मला बाहेर काढलं. तीही आता नगारे वाजवत होती, आणि तिच्या वाद्यवृंदाने नेमकी हीच सिंफनी बसवायला घेतली होती! तिने मला जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर ठेवलं आणि उशांवर काठ्या आपटत माझ्याबरोबर सराव सुरू केला. मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण फिरायला लागले आणि कळलं, पाय उचलतच नाहीत! मी सावकाश फिरत होते. त्यामुळे लय मंदावली, स्वर खाली घसरले, आणि माझी विजयाची मिरवणूक ओले बूट ओढत घरी निघाल्यासारखी वाटू लागली. पोरीला काय माहीत? आजी अशीच वाजवायची, असं समजून ती तसंच घोटत राहिली.

तालमीत ती सारखी मागे पडली. तिथल्या संचालिका बाई म्हणाल्या, "उद्याही असंच झालं, तर नगाऱ्यांवर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल."

ती तोंड पाडून घरी आली. नशीब असं, की कार्यक्रमासाठी बिजलीआजी त्याच दुपारी आली होती.

"तुझ्यासारखंच तर वाजवते मी, आजी! ऐक ना."

सुई टेकली. आजी ताडकन उभी राहिली. "बंद कर! हे रडगाणं कुणाचं? ही मी नाही!"

तिने पिशवीतून, ठोकला की एकच पक्का सूर देणारा स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. "बघ, पट्टी उतरलीय."

नातीचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी प्लेअर उघडला. "आई, तबकडी फिरवणारा आतला रबरी पट्टा सैल पडलाय."

"पट्टा सैल, म्हणून पट्टी खाली!" आजी खो खो हसली.

बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून एक कडं कापून पट्ट्याच्या जागी बसवलं. ते जाड निघालं. मी नुसती हेलकावत राहिले. दुसरं बेताचं बसलं. आणि मी सुटले! काय सांगू, मित्रांनो! स्वरकाट्याचा सूर आणि माझा सूर एक झाले. नात ओरडली, "आई गं! एवढं जलद?"

"धर काठ्या!" आजी म्हणाली.

दोघी जेवणाच्या टेबलावर बडवत सुटल्या. पेले उडाले, शेजारच्या काकू डोकावल्या आणि दारातच ताल धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नात बूट न काढताच आत धावली. "आजी! बाई म्हणाल्या, जरा दमाने घे, बाकीच्यांनाही सोबत येऊ दे! नगारे माझ्याकडेच राहिले!"

नात आता कडेवर घेण्याएवढी लहान नाही, हे विसरून आजीने तिला उचलायचा प्रयत्न केला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे एखादी तबकडी पडली असेल, तर तिला कडांना धरून उचला. मऊ कापडाने पुसा, उभी ठेवा, उन्हात टाकू नका. आणि तिचा आवाज रडका वाटला, तर तिला लगेच म्हातारी ठरवू नका; आधी तिच्या खालचं यंत्र उघडून बघा. आता मात्र मला वेळ नाही. सुई खाली येतेय!